उघड्या डोळ्यांची मूर्ती

उपासना रामटेके अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या ज्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायची, तिथे माल पुरवणारे लोक तिला टरकून असत. गाड्यांच्या सीटचे सांगाडे तिच्या टेबलावरून पुढे जायचे. एखाद्या सांगाड्याच्या वेल्डिंगमध्ये केसाएवढी भेग दिसली, तरी बाई सगळा ट्रक परत पाठवायची. समोरचा कितीही गयावया करो, तिचं 'नो' म्हणजे 'नो'. नागपुरातून आलेली, जेमतेम पाच फुटांची ही बाई मीटिंगला आली की भलेभले कागद सरळ करायला लागायचे.

घरी मात्र ही वाघीण पार शेळी. कुणाच्या हातची भाजी खारट झाली तर दोनदा मागून घेणार. मैत्रिणीनं भयंकर रंगाचा ड्रेस दाखवला तर 'तुला खुलतो गं' म्हणणार. स्वतःच्या फायद्यासाठी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. बोलली ती दुसऱ्याचं मन राखायला, आणि असल्या खोट्याला आपल्याकडे खोटं म्हणतच नाहीत, चांगुलपणा म्हणतात. या चांगुलपणानं तिच्या घरात काय करून ठेवलं ते ऐकलं, की पुन्हा कुणाला मन राखणारं म्हणून डोक्यावर घेऊ नये असं वाटतं.

घरात ती, नवरा प्रितम आणि सासरे शंकरराव. मुलगी अनिका कॉलेजला गेलेली. प्रितम गाड्यांच्या नव्या मॉडेलच्या कामावर, महिन्यातले निम्मे दिवस मेक्सिकोच्या प्लॅंटमध्ये. म्हणजे खरं बघता घर दोघांचंच, सुनेचं आणि सासऱ्यांचं. शंकररावांना सगळे आप्पा म्हणत. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. नुसत्या खरखरीवरून लाइन कुठे भिजली असेल हे ते सांगायचे, असं प्रितम अजून कौतुकानं सांगे. काचबिंदूनं डोळे हळूहळू चालले होते. कान मात्र तिशीतल्या माणसाचे होते. आप्पा स्वतः म्हणायचे, डोळ्यांनी दगा दिला तरी कान इमानी आहेत.

नोव्हाय आणि आसपासची बौद्ध कुटुंबं रविवारी यांच्याच बेसमेंटमध्ये वंदनेला जमत. त्रिसरण-पंचशील आप्पा द्यायचे. अमेरिकेत जन्मलेली पोरं सॉक्स घालून मांडी ठोकून बसायची आणि आप्पांच्या मागून पाली म्हणायची, अर्थ इंग्रजीतून विचारायची. आप्पांचा आवाज घुमायचा. त्या तासाभरात ते कुणाच्या आधारानं राहणारे म्हातारे नसायचे. उणीव एकच होती: भिंतीवर तसबिरी होत्या, पण मूर्ती नव्हती.

मूर्ती मिळत नव्हती असं नाही, इथल्या बागकामाच्या दुकानांतसुद्धा बुद्ध मिळतो. पण तो डोळे मिटलेला. आप्पांना तो चालत नसे. बाबासाहेबांना डोळे उघडे असलेला बुद्ध हवा होता, जगाकडे बघणारा, हे त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं आणि पुढे साऱ्या जन्मात सोडलेलं नाही. ज्यानं दुःख पाहिलं त्याचे डोळे मिटून कसे चालतील, असा त्यांचा सरळ सवाल होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उरलेल्या नजरेचा फार भरवसा देता येत नाही असं सांगितलं, तेव्हा प्रितमनं विचारलं, आप्पा, काय बघायचं राहिलंय? आप्पा म्हणाले, डोंगरावरची भातशेती. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. सपाटीवरच्या धानाच्या बांध्यांत बालपण गेलेलं. पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर चढणारं भात त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. म्हणून एप्रिलमध्ये तिघं बालीला गेली.

तेगलालांगच्या उतारावर सकाळी पोचली तेव्हा धुकं नुकतं उठलं होतं. हिरव्या खाचरांच्या कडा एकीखाली एक वळत दरीत उतरत होत्या आणि प्रत्येक कडेवरून पाणी खालच्या खाचरात पडत होतं. आप्पांना आता समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं काही नाही. ते मान हळूहळू फिरवत ती हिरवाई तुकड्यातुकड्यानं गोळा करत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाले, डावीकडे वरच्या अंगाला बांध फुटला आहे, पाणी वाया चाललंय. प्रितम वर जाऊन बघून आला. बांध खरोखरच खचला होता.

त्यांनी उपासनेला विचारलं, शेतात माणसं दिसतात का? कुणी रोवणी करतंय का? उपासनेनं पाहिलं. शेतात कुणी नव्हतं. वर लांबलचक लाल झगे घातलेल्या प्रवासी पोरी झोक्यांवर बसून फोटो काढून घेत होत्या, आणि कावड खांद्यावर घेतलेला एक म्हातारा फोटोपुरता उभा होता. शेतकरी असावा तसा दिसत होता, इतकंच.

"हो आप्पा," ती म्हणाली. "दोघी बायका वाकून रोवणी करताहेत. एकीच्या डोक्याला पिवळा रुमाल आहे."

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांची आई रोवणीला जायची. दिवसभर मग ते त्या पिवळ्या रुमालाबद्दल बोलत राहिले. प्रितमनं बायकोकडे डोळे वटारून पाहिलं, तिनं डोळ्यांनीच 'असू दे' म्हटलं. कुणाचं काय बिघडलं? खरंच, त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दुपारी ड्रायव्हरनं त्यांना कारागिरांच्या गावांतून फिरवलं. चांदीकामाचं चेलुक झालं, दगड घडवणारं बातुबुलान झालं, आणि मग मास, लाकडाचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पडव्या, पडवीत उघड्या अंगानं बसलेले कारागीर, पायांच्या अंगठ्यात ओंडका धरून छिन्नी चालवणारे. सगळीकडे बुद्धच बुद्ध, लहान, मोठे, नुसती मस्तकं. आणि झाडून सारे डोळे मिटलेले. आप्पा एकेकाच्या पापण्यांवरून अंगठा फिरवत आणि पुढे सरकत.

वायन नावाच्या कारागिराला उपासनेनं समजावलं, आम्हाला डोळे उघडे हवेत. तो हसला. असा कुणी मागत नाही म्हणाला. मग आप्पांकडे पाहून काय वाटलं कुणास ठाऊक, हो म्हणाला. तयार मूर्तीचे डोळे उघडता येत नाहीत, नव्यानं घडवावी लागेल, आणि त्यासाठी मागच्या अंगणातला ओंडका घ्यावा लागेल. तो ओला होता. मूर्ती झाली की ती औषधाच्या पाण्यात ठेवायची, मग भट्टीत वाळवायची, त्याला वेळ लागतो, तुम्ही पुढे जा, मी जहाजानं पाठवतो, असं त्यानं मोडक्या इंग्रजीत पण स्वच्छ सांगितलं. लाकडाच्या पोटात काय असेल ते बाहेरून दिसत नाही, हेही सांगितलं.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. नोव्हायला मंडळींना फोन गेले होते, आप्पा मूर्ती घेऊन येताहेत. आप्पा तर त्या पडवीतच बसून राहिले होते, छिन्नीचा आवाज ऐकत. त्यांनी अगदी हळू विचारलं, आपल्यासोबत नाही का नेता येणार? पौर्णिमेपर्यंत माझी एवढी नजर राहील.

कारखान्यात कुणी असं मधली पायरी गाळून माल देतो म्हणाला असता, तर उपासनेनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. इथे तिनं वायनला सांगितलं, औषध नको, भट्टी नको, घडवून द्या, आम्ही हातात नेतो. वायननं दोनदा विचारलं. तिनं दोनदा हो म्हटलं.

मूर्ती देखणी झाली. हातभर उंच, आणि डोळे असे की आपण खोलीत कुठेही गेलो तरी बघताहेत. बुद्धपौर्णिमेला बेसमेंट भरून गेलं. आप्पांनी मूर्तीसमोर बसून पापण्यांच्या उघड्या कडांवरून अंगठा फिरवला आणि त्यांना रडू आलं. त्यांच्याबरोबर निम्मी खोली रडली. उपासनेला त्या दिवशी जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

उन्हाळा लागला आणि मूर्तीखालच्या पांढऱ्या कापडावर तिला पीठ दिसलं. चिमूटभर, पिवळसर, रव्यापेक्षा बारीक. तिनं पुसून टाकलं. चार दिवसांनी पुन्हा तेवढंच. मूर्ती उलटी करून बघितली, तर पाठीवर, चीवराच्या चुणीत, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. तिनं कान लावला. आत काहीतरी अगदी हळू कुरतडत होतं. थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

क्वालिटीतल्या बाईला कळायला कितीसा वेळ लागणार! आतून मूर्ती पोखरली जात होती. या देशात घरंही लाकडाची, जिना ओकचा, जमीन ओकची. तिनं त्याच दिवशी सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण नेमक्या त्याच आठवड्यात आप्पांचा डावा डोळा पूर्ण गेला होता, आणि उजव्यात नुसता उजेड उरला होता. तपासणीहून घरी आल्यावर ते सरळ बेसमेंटमध्ये गेले होते आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसले होते. एवढं एक त्यांच्याकडे उरलंय, आणि ते कीड लागून सडतंय, आणि ती कीड मीच हट्टानं आणली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं ठरवलं, आधी गुपचूप काहीतरी उपाय करू, मग हसत हसत सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती रोज सकाळी कापड झटकायला लागली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी ती खाली गेली तेव्हा आप्पा मूर्तीसमोर मान तिरपी करून बसले होते. ऐकत होते. जिन्यावर तिची पावलं वाजली तसे ते वळले. चेहऱ्यावर असं भय तिनं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नजर गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

"उपासना, इकडं ये. तुला काही ऐकू येऊन राहिलं का?"

खोलीत अगदी शांत होतं. कुरकुर स्पष्ट येत होती. तिलाही येत होती.

"नाही आप्पा. कशाचं?"

"काही नाही," ते म्हणाले. "असंच."

एवढंच झालं. एका शब्दाचा मामला, आणि तोही मायेनं बोललेला. आता नाही म्हणू, उद्या उपाय करू, परवा सांगू. आजचं मरण उद्यावर ढकलणारी माणसं असाच हिशेब करतात. या हिशेबात तिनं एक गोष्ट धरलीच नाही. तिचं 'नाही' ऐकून आप्पांनी लाकडावर संशय घेतला नाही. त्यांनी स्वतःवर घेतला.

त्यानंतर आप्पा बेसमेंटमध्ये एकटे बसेनासे झाले. विचारलं तर गुडघ्यांचं निमित्त सांगत. रविवारी वंदना देताना मध्येच अडखळू लागले. जन्मभर पाठ असलेल्या गाथेत एक ओळ गाळली, मग गप्प झाले. एका रविवारी त्यांनी सांगितलं, आता दुसऱ्या कुणी द्या. पोरांपैकी कुणीतरी विचारलं, "आर यू ओके, आजोबा?" आप्पा हसले आणि त्याच्या डोक्याऐवजी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात फिरवून बसले. मागे उभ्या असलेल्या उपासनेनं ते पाहिलं, पण डोळ्यांच्या खात्यावर टाकलं.

उपाय तिनं शोधले नाहीत असं नाही. कीड मारणारी कंपनी म्हणाली, मूर्ती घेऊन जावी लागेल, गॅसमध्ये ठेवावी लागेल, बरेच दिवस लागतील. आप्पांना काय सांगायचं, म्हणून राहिलं. मूर्तीच्या अंगावरची भोकं वाढत चालली. आप्पांच्या अंगठ्याला लागतील या भीतीनं तिनं फर्निचरच्या दुकानातून रंगीत मेणाच्या कांड्या आणल्या आणि एकेक भोक बुजवून वरून कापडानं घासलं. कारखान्यात कुणी भेग अशी लिंपून आणली असती, तर तिनं त्याची नोकरी घालवली असती. हे तिच्याही मनात आलं, आणि तरी तिनं घासणं थांबवलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला आप्पा एका संध्याकाळी तिला म्हणाले, मला डॉक्टरकडे घेऊन चल, प्रितमला सांगू नको. कशाला, ते सांगितलं नाही. डॉक्टरनं आधी कान तपासले. कान उत्तम निघाले. ते ऐकून आप्पांचा चेहरा पांढरा पडला, कारण कान चांगले म्हणजे बिघाड त्याच्याही मागे होता. मग ते सगळं सांगून मोकळे झाले. आवाज येतो. कुणीतरी आत काही कुरतडतंय असा. मूर्तीपाशी जास्त येतो, आणि हल्ली जिन्यातसुद्धा येतो असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, नजर गेलेल्यांच्या बाबतीत कधीकधी होतं असं, मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनानं भरतो. घरात दुसऱ्या कुणाला ऐकू येतो का, असं त्यांनी विचारलं. उपासनेनं तोंड उघडायच्या आत आप्पाच इंग्रजीत म्हणाले, नो. डॉटर-इन-लॉ नो. आय आस्क्ड हर.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत राहिली. बोलायला क्षणभराचा अवकाश होता. पण इथे बोलायचं म्हणजे ऑगस्टपासून आप्पांना फसवत होते हे त्यांच्या देखत, परक्या माणसासमोर कबूल करायचं. डॉक्टरांनी कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि रोजची एक गोळी दिली.

गाडीत बसल्यावर तिनं स्वतःला बजावलं, याच आठवड्यात किडे मारते, आवाज थांबेल, गोळी बंद करते. आणि तिनं ते केलंही. मिशिगनमध्ये त्या वर्षी थंडीची अशी लाट आली, की शाळासुद्धा बंद राहिल्या. मूर्ती पॉलिशला दिली आहे असं आप्पांना सांगून तिनं ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या डेकवर बर्फात ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची. प्लॅस्टिकमधून ते उघडे डोळे घराकडे बघत असायचे, आणि उपासना भांडी घासताना पडदा ओढून घ्यायची. थंडी ओसरल्यावर तिनं मूर्ती आत आणली, उरलीसुरली भोकं बुजवली, पुसून जागेवर ठेवली. कान लावला. आत चिडीचूप.

तिला वाटलं, सुटलो. आप्पा खाली आले, मूर्तीसमोर बसले, खूप वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, थांबला. गोळी लागू पडली.

त्यांच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी थोडी शांतता दिसत होती. तिनं पुन्हा ती शांतता मोडली नाही. गोळी चालू राहिली, कारण डॉक्टर म्हणाले, गुण येतोय तर बंद करू नका. गोळीनं आप्पा संथ झाले. घास हातात घेऊन विसरू लागले. आणि एक नवीनच सवय लागली. दारावरची बेल वाजली की ते उठायचे नाहीत, आधी उपासनेच्या दिशेनं मान वळवायचे. ती दाराकडे गेली, तर बेल खरी. प्रितमचा फोन आला तरी तसंच. ज्या कानांवर त्यांनी जन्म काढला, त्या कानांचा शब्द आता ते दुसऱ्यानं मान्य केल्याशिवाय धरत नव्हते.

मार्चमध्ये एका दुपारी उपासना घरून काम करत होती. मसूर डाळ गॅसवर ठेवून ती टपालपेटीपाशी गेली आणि शेजारणीनं तिला बोलण्यात गुंतवलं. रस्त्यावर बर्फ वितळत होता, ऊन पडलं होतं. बोलता बोलता तिला धुराच्या अलार्मचा आवाज आला. कुणाच्या घरात वाजतोय हे समजायला थोडा वेळ लागला, मग ती धावत सुटली.

दार उघडलं तर धुराचा लोट. डाळीचं पातेलं जळून काळं झालं होतं, शेजारचा कापडी पुसणा पेटला होता आणि जाळ वरच्या कपाटाला लागत होता. अलार्म कानठळ्या बसवत होता. आणि त्याच्याच खाली, खुर्चीत, हात मांडीवर ठेवून आप्पा शांत बसले होते. ओठ हलत होते. बुद्धं सरणं गच्छामि.

तिनं त्यांना दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. आत जाऊन ओला टॉवेल टाकला, गॅस बंद केला. ती बाहेर आली. आप्पा खोकत होते.

"आप्पा, अलार्म ऐकू आला नाही तुम्हाला?"

"आला ना," ते म्हणाले. "वासही आला. मी म्हटलं, आता नाकही गेलं. पुन्हा सुरू झालं म्हटलं. गप बसून राहिलो, जाईल आपोआप."

उपासना वितळत्या बर्फातच खाली बसली. आत एक पातेलं जळलं होतं, बस. ती अजून थोडा वेळ बोलत राहिली असती, तर हा माणूस खुर्चीत बसून, घर जळतंय हा आपला भ्रम आहे असं समजून, जळून मेला असता. आणि तो भ्रम तिनं दिला होता, प्रेमानं, स्वतःच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना गोळी दिली नाही. हाताला धरून बेसमेंटमध्ये नेलं, मूर्तीसमोर बसवलं, आणि सगळं सांगितलं. ओला ओंडका, वायननं दोनदा विचारलेलं, ते पीठ, ती भोकं. तुम्ही विचारलंत तेव्हा मलाही ऐकू येत होतं आप्पा, तुमच्याइतकंच. मी नाही म्हटलं. बर्फात ठेवून मी किडे मारले, म्हणून आवाज थांबला. तुमचे कान चांगले आहेत. तुमचं डोकं चांगलं आहे. सांगताना ती हमसाहमशी रडत होती, आणि आप्पा मान तिरपी करून ऐकत होते.

ती थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मूर्तीवरून फिरवला. पाठ, खांदे, चीवराच्या चुण्या. सगळं गुळगुळीत.

"कुठं आहेत भोकं?"

मी मेणानं बुजवलीत, ती म्हणाली. थांबा, दाखवते. ब्लाउजची पिन काढून ती घाईघाईनं मेण उकरायला लागली. पिन लाकडावर खरडत राहिली. एक भोक मोकळं झालं, दुसरं झालं, चिमूटभर पीठ सांडलं. तिनं त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. आप्पांनी बोट काढून घेतलं. त्यांचा आवाज फार मऊ होता, तापलेल्या लेकराला समजावावं तसा.

"पोरी, आत्ता पाडलीस ही. मी ऐकलं ना."

तिनं मेक्सिकोला फोन लावून प्रितमशी बोलायला दिलं. रात्रीच तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो फोनवरून ओरडून ओरडून सांगत होता, आप्पा, ती खरं बोलतेय. आप्पांनी शांतपणे विचारलं, तू कान लावून ऐकलं होतंस का? प्रितमला नाही म्हणावं लागलं. मग तुला तिनंच सांगितलं, आप्पा म्हणाले, आणि फोन तिच्या हातात परत दिला.

"किड्यांचा आवाज गोळीनं बंद होतो का? माझा झाला," ते म्हणाले. "तू चांगली आहेस. माझं मन राखून राहिली आहेस. कालच्यानं घाबरलीस म्हणून हे सगळं रचलंस."

"नाही आप्पा. शपथ घेते. आज खरं बोलतेय मी."

आप्पांनी विचार केला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधताना करत असतील तसाच, सगळ्या बाजू तपासत.

"मी ऑगस्टात विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. तेव्हा तुला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. आता आहे."

आप्पा जिन्याचा कठडा चाचपत उठले, दोन पायऱ्या चढून थांबले आणि तिच्या दिशेनं तळहात पुढे केला.

"आजची गोळी राहिली," ते म्हणाले.